सैनिकाच्या बिऱ्हाडाचं काय केलंत?

‘स्वेच्छेने’ या शब्दाशी माझं भांडण आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या लढायांवरची पुस्तकं उघडली की हा शब्द पानोपानी भेटतो. अमेरिकेच्या यादवी युद्धात तर तो पलटणींच्या नावातच होता : अमुक राज्याची तमुक क्रमांकाची ‘व्हॉलंटियर’ पायदळ पलटण. माणूस आपणहून आला, कागदावर सही केली किंवा फुली मारली, बंदूक खांद्यावर घेतली आणि निघाला. इतिहासकार त्याला तिथे उचलतो आणि थेट रणांगणावर नेऊन उभा करतो. तो ज्या दारातून बाहेर पडला त्या दाराकडे वळून बघत नाही. दारात कोण उभं होतं, घरात दाणे किती दिवसांचे होते, दूधपितं मूल कुणाच्या कडेवर होतं, हे त्या पुस्तकांत शोधून सापडत नाही. याला विसर म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही. हा पक्षपात आहे. सेनापतीच्या घोड्याचं नाव ज्यांना ठाऊक असतं, त्यांना शिपायाच्या बायकोचं नाव ठाऊक नसावं, हे आपोआप घडत नाही. कुठली गोष्ट टिपायची आणि कुठली सोडायची, हे कुणीतरी ठरवलेलं असतं.

माणूस एकटा भरती होत नाही. त्याचं अख्खं बिऱ्हाड भरती होतं. पगार एकाचा लागतो, पण नांगर दुसऱ्याच्या हाती जातो, कर्ज तिसऱ्याच्या डोक्यावर बसतं आणि आजारी मूल एकट्या आईच्या मांडीवर उरतं. ही साधी गोष्ट नाकारून उभ्या केलेल्या सगळ्या युद्धकथा मला खोट्या वाटतात. एका माणसाची हकीकत सांगतो, म्हणजे मी हे इतक्या कडवटपणे का म्हणतो ते कळेल.

त्याचं नाव जोसेफ मिलर. केंटकी राज्यातल्या लिंकन परगण्यातला गुलाम. मिलर हे आडनावही मालकाचंच. १८६४च्या ऑक्टोबरच्या मध्यास तो कॅम्प नेल्सन या लष्करी छावणीत आला आणि संघराज्याच्या सैन्यात भरती झाला. पुढे त्याची पलटण १२४वी कृष्णवर्णीय पायदळ पलटण म्हणून नोंदली गेली. तो एकटा आला नव्हता. बरोबर बायको इझाबेला होती आणि चार मुलं होती, दहा, नऊ, सात आणि चार वर्षांची. त्यांना बरोबर का आणलं, तर मालकानं आधीच बजावलं होतं : तू सैन्यात गेलास तर तुझ्या बायकापोरांना मी पोसणार नाही. मागे ठेवलं तर त्यांचे हाल होणार, हे मिलरला पक्कं ठाऊक होतं. भरती करून घेणाऱ्या लेफ्टनंटनं त्याला छावणीच्या हद्दीत कुटुंबासाठी तंबू दिला. परवानगी तोंडी होती, पण स्पष्ट होती. बिऱ्हाड तिथे राहू लागलं.

इथे जरा थांबून केंटकीबद्दल सांगायला हवं, कारण शाळेच्या पुस्तकातून आपल्या डोक्यात बसलेलं चित्र फार सोपं असतं. लिंकननं गुलाम मुक्त केले, असं आपण एका वाक्यात शिकतो. १ जानेवारी १८६३च्या त्या जाहीरनाम्यात केंटकी नव्हतं. तो जाहीरनामा बंडखोर मुलखासाठी होता आणि केंटकी संघराज्याशी एकनिष्ठ राहिलं होतं. निष्ठेचं बक्षीस म्हणून तिथल्या मालकांचे गुलाम शाबूत राहिले. तिथल्या गुलामाला मुक्तीचा एकच हुकमी रस्ता होता : सैन्यात भरती होणं. अंगावर गणवेश चढला की तो स्वतंत्र. त्याची बायको मात्र स्वतंत्र नाही. त्याची मुलंही नाहीत. ती मालकाची मालमत्ता, काल होती तशीच आज.

अशा अवस्थेत केंटकीतून सुमारे २४,००० काळे सैनिक उभे राहिले. लुइझियाना सोडलं तर इतके कुठल्याच राज्यातून आले नाहीत. त्यांतल्या दहा हजारांहून अधिक जणांची भरती एकट्या कॅम्प नेल्सनला झाली. वाटेत त्यांना गाठून मारहाण करणारे लोक होते. तरी ते आले, रात्री चालत, ओढे ओलांडत, बायकापोरांना घेऊन. आता मला कुणीतरी सांगा, या येण्याला ‘स्वेच्छेने’ म्हणायचं की काय म्हणायचं? मागे चाबूक आणि पुढे बंदूक असताना पुढे टाकलेलं पाऊल धैर्याचं असतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण ज्या राज्यानं त्याला दुसरा रस्ताच ठेवला नाही, त्या राज्यानं त्याच्या ‘स्वेच्छे’चा गौरव करावा, हे मला सहन होत नाही.

आणि हे राज्य हिशेबात किती चोख होतं ते बघा. २४ फेब्रुवारी १८६४च्या कायद्यानं एकनिष्ठ मालकाला त्याचा गुलाम भरती झाल्यास ३०० डॉलरपर्यंत भरपाई कबूल केली. शिवाय शंभर डॉलरचा भरती-भत्ताही शिपायाला न मिळता मालकाला. हाच ३०० डॉलरचा आकडा आधीच्या वर्षी दुसऱ्या कायद्यात आला होता : सक्तीच्या भरतीत नाव निघालेल्या माणसानं ३०० डॉलर भरले तर तो सुटत असे. म्हणजे पैसेवाला ३०० डॉलर मोजून घरी राहू शकत होता, आणि मालकाला ३०० डॉलरपर्यंत घेऊन दुसऱ्याचा जीव पाठवता येत होता. या दोन्ही कायद्यांत इझाबेला मिलरच्या नावावर एक सेंटसुद्धा नव्हता.

छावणीतल्या बायकामुलांचं करायचं काय, यावर लष्कराचं उत्तर ठरलेलं होतं. छावणीचा प्रमुख जनरल स्पीड फ्राय याला ती माणसं म्हणजे अडगळ वाटत होती. छावणी सैनिकांसाठी आहे, बायकांमुळे शिस्त बिघडते, रोगराई पसरते, फुकट खाणारी तोंडं वाढतात. उन्हाळ्यापासून त्यानं त्यांना हद्दीबाहेर काढण्याचे हुकूम पुन्हापुन्हा काढले. बायका परत येत राहिल्या. जाणार कुठे? बाहेर मालक होता. याच बायका छावणीत कपडे धूत होत्या, रांधत होत्या, शिपायांचे फाटके सदरे शिवत होत्या. त्यांना आयतं खाणाऱ्या म्हणणारी जीभ कुठल्या माणसाची असेल?

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली आणि फ्रायनं पुन्हा हुकूम दिला. मंगळवार, २२ नोव्हेंबर १८६४. संध्याकाळी सहाच्या सुमारास एक घोडेस्वार पहारेकरी मिलरच्या तंबूपाशी येऊन सांगून गेला : पहाटेच्या आत निघा. सात वर्षांचा मुलगा खूप आजारी होता, नुकता कुठे सावरत होता. आईला जायला जागा नव्हती, ती रात्रभर तिथेच राहिली. सकाळी आठला पहारेकरी गाडी घेऊन आला. बाहेर पाणी गोठत होतं. मिलरनं त्याला सांगितलं, या थंडीत बाहेर काढलंत तर पोर मरेल. आम्हाला जायला ठिकाण नाही, असंही सांगितलं. आणि मग म्हणाला, मी संयुक्त संस्थानांचा सैनिक आहे.

पहारेकऱ्यानं उत्तर दिलं की त्यानं काही फरक पडत नाही, सगळ्यांना बाहेर काढायचा हुकूम आहे. गाडीत चढला नाहीत तर एकूणएक गोळ्या घालीन, अशी धमकी दिली. इझाबेला आजारी पोराला छातीशी धरून गाडीत चढली. मालकाकडून निघताना बरेचसे कपडे तिथेच टाकावे लागले होते, त्यामुळे अंगावर धड पांघरूण नव्हतं. मिलर हद्दीपर्यंत गाडीमागे चालत गेला. पुढे गाडी कुठे जाणार हे त्याला कुणी सांगितलं नाही.

दिवसभर तो कामावर होता. रात्री शोधत निघाला. सहा मैलांवर निकोलसव्हिल गावात काळ्या लोकांचं एक जुनं प्रार्थनाघर होतं, तिथे त्याला आपली माणसं सापडली. इतक्या मोठ्या जागेत शेकोटी एकच, आणि माणसं इतकी कोंबलेली की त्याच्या बायकापोरांना शेकोटीपर्यंत पोचताही येत नव्हतं. सकाळपासून कुणाच्या पोटात घास नव्हता. मुलगा गेला होता. गाडीतून उतरल्याबरोबर गेला.

मिलरला त्याच रात्री छावणीत परतायचं होतं, कारण तो सैनिक होता. तो चालत परत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सहा मैल चालत आला, स्वतःच्या हातानं खड्डा खणला आणि पोराला पुरलं.

हे सगळं त्यानं २६ नोव्हेंबरला शपथेवर सांगितलं आणि खाली फुली मारली. ती जबानी टिकली आहे. बाकी काही टिकलं नाही. पुढच्या सहा-सात आठवड्यांत इझाबेला गेली, उरलेली तिन्ही मुलं गेली आणि ६ जानेवारी १८६५ला जोसेफ मिलर स्वतः गेला. सहा माणसांचं बिऱ्हाड ऑक्टोबरात छावणीत आलं आणि नव्या वर्षाचा पहिला आठवडा संपता संपता त्यांतलं कुणीही उरलं नव्हतं. शत्रूची एकही गोळी यांतल्या कुणाला लागलेली नाही. ज्या सैन्यात तो आपणहून आला, त्याच सैन्यानं हे घर मोडलं.

हद्दीबाहेर काढलेली माणसं सुमारे ४०० होती. त्यांतली १०२ मेली. त्यांच्या झोपड्या पाडल्या, जाळल्या, म्हणजे परत येण्याचा प्रश्नच मिटला. हे कुठल्या बंडखोर सरदारानं केलं नाही. गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या सैन्यानं, दिवसाढवळ्या, हुकमानं केलं.

कुणी म्हणेल, युद्धात असं होतंच. हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो आहे आणि दर वेळी ते अशा माणसाच्या तोंडी असतं ज्याचं स्वतःचं पोर घरात उबेला असतं. असं होतंच असतं, तर त्याच छावणीतल्या क्वार्टरमास्टर थेरॉन हॉल यानं वरिष्ठांकडे तारा कशाला केल्या असत्या? जबान्या गोळा कशाला झाल्या असत्या? न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात बातमी कशाला आली असती? वर तक्रार पोचताच हुकूम फिरवता आला, निर्वासितांसाठी निवारा उभारता आला. जे आठवड्याभरात उलटवता येतं ते अटळ नसतं. जॉन फी नावाचा पाद्री तिथे सैनिकांना लिहा-वाचायला शिकवत होता. या कुटुंबांना मोठ्या कोठारांत एकत्र कोंबू नका, प्रत्येक घराला स्वतःचं छोटं खोपटं द्या, असं तो सांगत होता. एवढी साधी समज एका पाद्र्याला होती आणि ब्रिगेडियर जनरलला नव्हती.

या बोभाट्याचा एक परिणाम झाला, तो नाकारणार नाही. ३ मार्च १८६५ला काँग्रेसनं ठराव केला आणि काळ्या सैनिकांच्या बायका व मुलं कायमची मुक्त झाली. हजारो माणसांच्या गळ्यातला फास त्या दिवशी सुटला. पण त्या ठरावाचा जाहीर हेतू काय होता? सैन्यभरतीला उत्तेजन देणं. बाई माणूस आहे म्हणून तिला सोडलेलं नाही. ती बांधलेली असली तर नवरा भरतीला येणार नाही, म्हणून सोडली. जोसेफ मिलरच्या घरात तोवर मुक्त व्हायला कुणी राहिलंच नव्हतं.

मिलरचं प्रकरण टोकाचं होतं असं समजून कुणी स्वतःची समजूत घालून घेऊ नये. त्या युद्धात सुमारे १,८०,००० काळे सैनिक लढले आणि त्यांच्या घरांची कुतरओढ हीच रीत होती. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. काळ्याला १०, आणि त्यांतून कपड्यांचे ३ कापून हातात ७. बोस्टनहून निघालेल्या ५४व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीनं तो कमी पगार घ्यायलाच नकार दिला आणि दीड वर्षाच्या आसपास एक पैसा न घेता लढत राहिली. पलटणीच्या त्या स्वाभिमानाची गाणी होतात. त्याची किंमत गावाकडे रिकाम्या डब्यांसमोर बसलेल्या बायकांनी भरली, ते कुणी गात नाही. दक्षिण कॅरोलायनाच्या तिसऱ्या ‘व्हॉलंटियर’ पलटणीतला सार्जंट विल्यम वॉकर आपली तुकडी घेऊन वरिष्ठ अधिकाऱ्याच्या तंबूसमोर गेला. तिथे सर्वांनी शस्त्रं खाली ठेवली : करारातला पगार देत नाही, तर आम्ही तुमचे सैनिक नाही. त्याच्यावर बंडाचा खटला चालला आणि २९ फेब्रुवारी १८६४ला त्याला गोळ्या घातल्या. जून महिन्यात काँग्रेसनं समान पगाराचा कायदा केला. वॉकर काही महिने आधी बरोबर होता, एवढाच त्याचा गुन्हा.

गोऱ्या साध्या शिपायाचं घरही काही सुखात नव्हतं. दोन महिन्यांनी द्यायचा पगार चार-चार, सहा-सहा महिने रखडायचा. शेतकऱ्याचा मुलगा छावणीतून बायकोला पत्रात लिहायचा : मका कधी पेर, डुक्कर कुणाला विक, सावकाराला काय सांग. काही ठिकाणी गावाकडून मदत मिळायची. मॅसॅच्युसेट्सनं १८६१मध्येच सैनिकांच्या कुटुंबांसाठी महिना १२ डॉलरपर्यंत मदतीचा कायदा केला होता. म्हणजे हे करता येत होतं. करायचं ठरवलं की राज्याला बिऱ्हाड दिसतं. ठरवलं नाही की तंबूतलं पोरही दिसत नाही.

मग युद्ध संपलं आणि पेन्शनचं दफ्तर उघडलं. १८६२च्या कायद्यानं साध्या शिपायाच्या विधवेला महिना ८ डॉलर. रक्कम ठीक होती, पण ती मिळण्याआधी सिद्ध करायचं होतं की तू त्याची बायको होतीस. आता गुलामांच्या लग्नाला कायद्यात मान्यताच नव्हती. झाडूवरून उडी मारून, मालकाच्या तोंडी परवानगीनं, दहा माणसांसमोर लागलेली ती लग्नं कुठल्या वहीत असणार? कायद्यात सवलती आल्या, दोन वर्षं एकत्र राहिल्याचा पुरावा चालेल वगैरे. पण पुरावा द्यायचा म्हणजे जुन्या गुलामांना शोधून आणायचं, कधी जुन्या मालकाकडेच जायचं आणि त्याच्या शब्दावर आपलं बायकोपण ठरवून घ्यायचं. पेन्शन खात्याचे तपासनीस गावोगाव हिंडत, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारत : बाई कशी आहे, तिच्याकडे कोण येतं, कोण जातं? १८८२मध्ये तर कायदाच झाला की विधवा परपुरुषाबरोबर राहिल्याचं आढळलं तर पेन्शन बंद. नवऱ्यानं जीव दिला आणि त्याच्या बदल्यात सरकारला बायकोच्या अंगणात डोकावायचा हक्क मिळाला.

हे वाचताना माझी आजी मला दिसते. ती सातारा जिल्ह्यातली. आजोबा दुसऱ्या महायुद्धात गेले ते परत आले नाहीत. मी लहान होतो तेव्हा तिच्याबरोबर एका कार्यालयात गेलो होतो, पेन्शनीतली काही अडचण होती. टेबलामागचा माणूस मान वर न करता म्हणाला, “आजी, लग्न झालं होतं हे कशावरून? दाखला आणा.” तिच्या लग्नाला तेव्हा चाळीसहून जास्त वर्षं झाली होती. दाखला देणारं कुणी हयात नव्हतं. ती शांतपणे म्हणाली, “माझ्या बांगड्या फोडल्या तवा कुणी दाखला मागितला न्हाई, बाबा.” तो गप्प झाला, पण कागद पुढे सरकला नाही. त्यानंतर आम्ही किती खेपा घातल्या ते मला आठवत नाही. एस.टी.च्या खिडकीशी मांडीवर पिशवी धरून बसलेली ती आठवते. म्हणून केंटकीतल्या त्या विधवांचे अर्ज माझ्यासाठी परदेशातला इतिहास होऊ शकत नाहीत.

आपल्याकडे अमेरिकेच्या त्या यादवी युद्धाची आठवण कशी आहे ते सांगतो. अमेरिकेचा कापूस बंद झाला, मुंबईत कापसाचे भाव चढले, शेअरबाजार वेडा झाला, बॅक बे भरण्याच्या कंपन्या निघाल्या आणि १८६५मध्ये सगळं कोसळलं. प्रेमचंद रायचंदांच्या पैशातून उभा राहिलेला राजाबाई टॉवर आजही त्या तेजीची साक्ष देतो. हे सगळं खरं आहे. पण ज्या वर्षी मुंबईत माणसं कापसाच्या गाठींवर लखपती होत होती, त्याच वर्षी तो कापूस ज्यांच्या पाठीवर पिकत होता ती माणसं सुटकेसाठी बंदूक उचलत होती आणि थंडीत पोरं पुरत होती. आपण भाव लक्षात ठेवला, माणूस सोडून दिला.

एका माणसानं मात्र सोडला नाही. १८७३मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. पुण्यात बसून, युद्ध संपल्यावर आठ वर्षांत. त्या अर्पणपत्रिकेचा मला अभिमान आहे आणि त्याचबरोबर एक मागणी आहे. ती वाचताना फक्त उत्तरेतले उदार गोरे लोक डोळ्यांसमोर आणू नका. गुलामगिरी मोडण्यासाठी ज्यांनी सर्वांत जास्त दिलं, त्यांत अठरा मैल चालून आपल्या पोराची कबर खणणारा जोसेफ मिलर आहे, इझाबेला आहे. फुल्यांचा नमस्कार त्यांच्यापर्यंत पोचवणं हे आपलं, वाचणाऱ्यांचं काम आहे.

आणि बिऱ्हाड मोजलं की काय घडतं, तेही त्याच शतकात, आपल्याच माणसांत पाहायला मिळतं. कोकणातल्या मंडणगडजवळच्या आंबडव्याचे रामजी सकपाळ मुंबई लष्करात सुभेदार झाले, लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले. पलटणीच्या शाळांत शिपायांच्या मुलांना, मुलींनासुद्धा, शिकवलं जाई. कुटुंब छावणीत होतं, शाळा छावणीत होती. महूच्या त्या छावणीत १४ एप्रिल १८९१ला रामजी आणि भीमाबाईंचं चौदावं अपत्य जन्माला आलं. त्याचं नाव पुढे जगाला कळलं. त्याच लष्करानं त्याच सुमारास महारांची भरती बंद केली. दापोलीचे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी या अन्यायाविरुद्ध सरकारकडे अर्ज लिहिला, आमच्या वाडवडिलांनी तुमच्यासाठी रक्त सांडलं याची आठवण करून दिली. दार उघडलं नाही. बंदुकीला माणूस हवा तेव्हा जात चालते, पोटाला भाकरी द्यायची वेळ आली की जात आडवी येते. केंटकीतल्या पहारेकऱ्यानं ‘तुझ्या सैनिक असण्यानं फरक पडत नाही’ हे तोंडावर सांगितलं. आपल्याकडे तेच साहेबी कागदावर, टाक-दौतीनं लिहिलं गेलं.

मला सेनापतींच्या चरित्रांचा राग नाही. वाचा, खुशाल वाचा. पण ग्रँटनं कुठल्या वाटेनं चाल केली आणि लीनं कुठे माघार घेतली यावर तासभर बोलणाऱ्या माणसाला, ‘त्या वाटेवरच्या शिपायाच्या घरी त्या महिन्यात काय शिजत होतं?’ हे विचारा. त्याला उत्तर येणार नाही, आणि उत्तर न येण्याची लाजही वाटणार नाही. ही लाज वाटली पाहिजे. ज्याला युद्धाचा खर्च ठाऊक नाही, त्याला युद्ध ठाऊक नाही. त्या युद्धाचा खर्च इतका लांबला की एका सैनिकाच्या मुलीला २०२० सालापर्यंत महिना ७३.१३ डॉलर पेन्शन मिळत होतं. लढाई १८६५ला संपली, पण घराचा हिशेब दीडशेहून अधिक वर्षं चालू होता. आणि केंटकीनं गुलामगिरी रद्द करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीला मान्यता दिली ती १९७६मध्ये.

कॅम्प नेल्सनला २०१८मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. चांगलं झालं. पण १८६४च्या त्या जबानीत मिलरच्या सात वर्षांच्या मुलाचं नाव नाही. वय आहे, आजारपण आहे, वारा आहे, थंडी आहे, मैल आहेत. नाव नाही. सरकारी कागदाला एवढंच पुरलं.

आपल्याकडच्या कितीतरी गावांत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे : या गावातून इतके गेले, इतके परत आले नाहीत. नुसते आकडे. तुमच्या गावात ती असेल तर उभं राहून वाचा, आणि त्या आकड्यांतली माणसं कुठल्या घरांतली होती ते म्हाताऱ्या माणसांकडून आजच विचारून घ्या, उद्यावर टाकू नका. घरात पत्र्याची ट्रंक असेल, तिच्यात पणजोबांचं डिस्चार्ज सर्टिफिकेट असेल, पदक असेल, पेन्शनचं पुस्तक असेल. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पणजीचं नाव लिहा, माहेरच्या आडनावासकट. मुलांची नावं लिहा, जगली त्यांची आणि न जगली त्यांचीही. पेन्सिलीनं लिहू नका, शाईनं लिहा.